‘पळून’ आणि ‘पळवून’

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात जिल्ह्याच्या पानावर अगदी तळाला चार ओळींची बातमी होती. मुलीला पळवून नेल्याचा गुन्हा दाखल झाला होता. दोन्हीकडच्या मंडळींनी बसून त्याच मुलाशी तिचं लग्न लावून दिलं. मथळा होता ‘प्रकरण सामोपचाराने मिटले’. बाजूलाच कांद्याचे भाव होते. माझा चहा तिथेच निवला.

मी सत्र न्यायालयात बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसायचं, साक्षीदाराला शपथ द्यायची, दाखल होणाऱ्या कागदांवर निशाणी टाकायची, तारखा लिहायच्या. त्या खुर्चीवरून माणसं फार जवळून दिसतात. असल्या एका खटल्यात मुलीचा पोलिसांपुढचा जबाब होता, ‘मला मोटारसायकलवर बसवून पळवून नेले.’ सात-आठ महिन्यांनी ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कोपरापर्यंत हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र. सरकारी वकिलांनी विचारलं, तर म्हणाली, ‘मी आपण होऊन पळून गेले.’ पळवून आणि पळून. एका ‘व’चा फरक. सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर केलं, उलटतपासणी घेतली, तिनं मान वर केली नाही. तिचे वडील दाराशी प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभे होते. पिशवीत लग्नाचा फोटो. तो बचाव पक्षानं दाखल केला आणि त्यावर निशाणी 41 माझ्याच हातानं पडली. फोटोत नवरदेव हसत होता. मुलगी फोटोग्राफर सांगेल तिकडे बघत होती. संध्याकाळी आरोपीकडच्या लोकांनी कोर्टाच्या आवारात पेढे वाटले. माझ्याही टेबलावर एक आला.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला आणि त्यात मला सिसिलीची फ्रांका व्हिओला भेटली. तिची गोष्ट आपल्या वाचकांना फारशी ठाऊक नसावी, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिसिली हे इटलीच्या टोकाचं बेट, आणि त्याच्या पश्चिमेला ट्रापानी प्रांतात अल्कामो नावाचं गाव. द्राक्षांचा मुलूख. फ्रांकाचे वडील बर्नार्डो व्हिओला तिथले साधे शेतकरी. ती पंधरा वर्षांची असताना गावातल्याच फिलिप्पो मेलोडिया नावाच्या तरुणाशी तिची सोयरीक ठरली. हा तिथल्या माफियातल्या वजनदार रीमी घराण्याच्या नात्यातला. पुढे तो चोरीच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि वडिलांनी सोयरीक मोडली. माफियाच्या नातलगाला ‘मुलगी देत नाही’ असं तोंडावर सांगणं तेव्हा त्या गावात काय होतं, हे पुढे जे झालं त्यावरून कळतं. धमक्या आल्या. त्यांची द्राक्षबाग जाळली, शेतावरचं घर जाळलं. माझं माहेर तासगावकडचं. लावल्यापासून बाग धरायला किती वर्षं जातात, एप्रिलची खरड छाटणी चुकली तर वर्ष कसं हातचं जातं, हे मी बघत वाढले. वेल जाळणं म्हणजे नुसतं नुकसान नव्हे, बापाच्या उमेदीवरच घाव.

26 डिसेंबर 1965, नाताळचा दुसरा दिवस. वडील घरी नव्हते. मेलोडिया डझनभर हत्यारबंद साथीदार घेऊन घरात घुसला. आईला मारहाण झाली. आठ वर्षांचा धाकटा भाऊ बहिणीला असा बिलगला की सुटेचना, म्हणून त्यालाही उचललं. त्याला नंतर सोडून दिलं. सतरा वर्षांच्या फ्रांकाला आठ दिवस डांबून ठेवलं. तिच्यावर बलात्कार झाला. आणि त्या मंडळींच्या हिशेबानं काम फत्ते झालं, कारण पुढचं सगळं रीतीनं ठरलेलं होतं. मुलीची ‘अब्रू गेली’, आता दुसरं कोण करणार, तेव्हा बापानं मुकाट्यानं बसून बोलणी करायची. सिसिलीत जोडपं संगनमतानं पळून जाण्यालाही एक शब्द होता, ‘फुइतिना’, आणि जबरदस्तीनं उचललेलीही त्याच शब्दाखाली ढकलून देता येत असे. तिथेही पळून आणि पळवून एकाच माळेत!

याला कायद्याचाही आधार होता. इटलीच्या 1930च्या दंडसंहितेतलं 544वं कलम म्हणत होतं की, बलात्कार करणाऱ्यानं त्याच मुलीशी लग्न केलं तर गुन्हाच संपला; साथीदारांचाही संपला. त्या लग्नाला तिथे जे नाव होतं, त्याचा अर्थ आपल्या भाषेत ‘डागडुजीचं लग्न’ असा होईल. जणू मुलगी म्हणजे भिंत, कुणाच्या तरी गाडीनं तिला धक्का मारला, आणि आता त्यालाच सिमेंट आणायला सांगायचं.

आपण नाक मुरडायचं कारण नाही. ‘क्रोशन्तीं रुदतीं गृहात्’, आक्रोश करणाऱ्या, रडणाऱ्या मुलीला घरातून बळानं नेणं, हा मनूच्या आठ विवाहांतला राक्षसविवाह. नाव राक्षसाचं ठेवलं, पण यादी विवाहांचीच.

मेलोडियाकडून समेटाचा निरोप आला तेव्हा बर्नार्डोंनी होकाराचं नाटक केलं आणि आतून पोलिसांशी संधान बांधलं. 2 जानेवारी 1966 रोजी धाड पडली आणि फ्रांका सुटली. वडिलांनी तिला विचारलं, तुला त्याच्याशी लग्न करायचंय का? ती नाही म्हणाली. तेव्हा, तू एक हात घाल, मी शंभर घालतो, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले असं सांगतात. माझ्या टेबलासमोर इतक्या मुलींचे बाप येऊन गेले. हा प्रश्न आपल्या मुलीला विचारलेला त्यांच्यातला एकही मला आठवत नाही. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. धाकटीचं कसं होईल, भावकी काय म्हणेल, त्यांची माणसं वाटेत गाठतील का, हेच त्यांच्या तोंडी असायचं. पिशवीवालेही तसलेच एक.

त्या वर्षीच्या डिसेंबरात ट्रापानीच्या कोर्टात खटला उभा राहिला. बचाव अपेक्षित तोच होता, ती राजीखुशीनं आली. फ्रांकानं साक्ष फिरवली नाही. गावातले अनेक लोक या कुटुंबापासून तुटले होते, कोर्टात यायचं तेही पोलीस पहाऱ्यात, समोर माफियाचा माणूस, आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांचे वार्ताहर टिपणवह्या उघडून बसलेले. 17 डिसेंबर 1966 रोजी मेलोडियाला अकरा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात दहा झाली. साथीदारांपैकी काहींना शिक्षा झाली, काही सुटले. मेलोडिया 1976मध्ये बाहेर आला आणि 1978मध्ये उत्तर इटलीत कुणीतरी त्याला गोळी घालून ठार केलं. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

फ्रांकानं 1968च्या डिसेंबरात जुझेप्पे रुईझी या लहानपणापासून ओळखीच्या मुलाशी लग्न केलं. ‘आता हिच्याशी कोण लग्न करणार’ या प्रश्नाचं उत्तर गावातच राहत होतं! राष्ट्राध्यक्ष सारागात यांनी लग्नाची भेट पाठवली, पोप सहावे पॉल यांनी नवदांपत्याला भेटीला बोलावलं. हे सगळं छान झालं, पण ते 544वं कलम काही हललं नाही. ते रद्द व्हायला ऑगस्ट 1981 उजाडला, म्हणजे निकालानंतर जवळजवळ पंधरा वर्षं. आणि बलात्कार हा सार्वजनिक नीतीविरुद्धचा नसून माणसाविरुद्धचा गुन्हा आहे, हे इटलीच्या कायद्यानं मान्य करायला 1996. मोरोक्कोत असलंच कलम 2014मध्ये गेलं. जॉर्डन, लेबनॉन आणि ट्युनिशियात 2017मध्ये.

आता आपलं पाहा. लग्नासाठी स्त्रीला पळवणं हा आपल्याकडे इंग्रजांच्या 1860च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. पूर्वीचं 366 कलम, आता न्याय संहितेचं 87. दहा वर्षांपर्यंत शिक्षा. लग्न केल्यास गुन्हा माफ, अशी पळवाट त्यात नाही. फ्रांकाला कायद्याशीच झगडावं लागलं. आपल्या मुलींच्या बाजूनं कायदा आहे, तरी त्या हरतात. कारण पळवाट कागदावर नसली तरी पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर आहे, पंचायतीच्या ओट्यावर आहे, कोर्टाच्या कँटीनमध्ये आहे. तिथे मिटतं, आणि मग आत येऊन साक्षीदार फितूर होतात.

वरच्या कोर्टांनी हे ओळखलं नाही असं नाही. बलात्काराच्या खटल्यात आरोपीनं लग्नाची तयारी दाखवणं हे शिक्षा कमी करायचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013मध्येच सांगितलंय. तरी मार्च 2021मध्ये महाराष्ट्रातल्याच एका आरोपीच्या अर्जावर, तू तिच्याशी लग्न करणार का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातच विचारला गेल्याचं आपण सगळ्यांनी छापलं-वाचलं; पुढे खंडपीठानं आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा केला. त्याच महिन्याच्या 18 तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानं बजावलं की असल्या खटल्यांत न्यायाधीशांनी लग्नाचा किंवा तडजोडीचा विषयही काढू नये. ते प्रकरण मध्य प्रदेशातलं होतं. तिथे विनयभंगाच्या आरोपीनं त्याच बाईकडून राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट घातली गेली होती. एकीकडे नवरा, नाहीतर भाऊ! ती नुसती तक्रारदार म्हणून उभी राहिलेली आपल्याला बघवतच नाही.

तर संपादक महाशय, तक्रार आपल्या मथळ्याबद्दल आहे. ‘सामोपचाराने मिटले’ हे कुणी ठरवलं? बातमीत मुलाच्या काकांचं म्हणणं होतं, गावच्या प्रतिष्ठितांचं होतं, ठाण्याच्या अंमलदाराचं होतं. मुलीचं नाव छापता येत नाही हे योग्यच. पण तिला कुणी विचारलं का, एवढं तरी आपल्या वार्ताहरानं विचारायला हवं होतं. फौजदारी गुन्ह्यातला फिर्यादी म्हणजे सरकार. काका आणि प्रतिष्ठित ओट्यावर बसून तो मिटवू शकत नाहीत, हे चार ओळींत पाचवी ओळ घालून सांगता आलं असतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर ते लग्न हाच आणखी एक गुन्हा आहे, तिचं वय बातमीत नव्हतं. खटल्याची पुढची तारीख काय, तेही नव्हतं. ती शोधून छापावी, एवढी विनंती. कोर्टाच्या संकेतस्थळावर खटल्याचा क्रमांक टाकला की मिळते; नाही जमलं तर आपल्या वार्ताहराला माझ्याकडे पाठवा, मी बसून काढून देईन.

निशाणी 41चं काय झालं म्हणाल, तर आरोपी सुटला. पुढे तीनेक वर्षांनी ती मुलगी मला कौटुंबिक न्यायालयाच्या जिन्यात दिसली. कडेवर मूल होतं, हातात पोटगीच्या अर्जाची प्रत. तिनं मला ओळखलं. ‘मॅडम, इथं पण शपथ तुम्हीच देता का?’ म्हणाली. मी नाही म्हटलं, वरच्या मजल्यावरची खोली दाखवली, आणि माझ्या कोर्टाचा पुकारा झाला म्हणून निघून गेले.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बेंच क्लार्क
(नाव-पत्ता पत्रासोबत दिला आहे, कृपया छापू नये.)