स्वप्नाचा अर्थ आदल्या दिवसात शोधावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

स्वप्नात साप दिसला, दात पडला, की लोक शकुन-अपशकुन विचारत फिरतात. त्यापेक्षा आदला दिवस तपासावा. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपण सहज म्हणतो; बृहदारण्यक उपनिषदही (४.३.९) सांगते की झोपताना जीव याच जगातले साहित्य सोबत नेतो आणि त्यातून स्वतःच्या प्रकाशात स्वप्न रचतो.

म्हणून साधना झोपेआधीच सुरू होते. अंथरुणावर बसून दहा मिनिटे दिवस उलटा आठवावा, रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंत. महाद्वार रोडच्या गर्दीत कुणावर खेकसलो, तो क्षण आला की छाती आवळते. तिथे थांबावे, पण स्वतःचा निवाडा करू नये. निवाडा सुरू झाला की मन पुन्हा भांडू लागते आणि तेच भांडण झोपेत उतरते. मग नामस्मरण. अंबाबाईची शेजारती मोबाइलवर पाहून लगेच बातम्या चाळल्या, तर शेवटचा संस्कार बातम्यांचाच राहतो!

जाग येताच कूस बदलू नये. शेवटचे दृश्य आधी पकडावे, मग मागे जावे. ‘चहा झाल्यावर लिहू’ म्हटले की बहुतेक निसटते. कालच्या दिवसात दुवा सापडला नाही तर पाच-सात दिवस मागे पाहावे. काही अनुभव तितक्या उशिराने स्वप्नात येतात.

रात्री उशिरा ओरपलेला तांबडा रस्सा झोपमोड करतो, आणि मधेच जाग आल्याने स्वप्ने जास्त आठवतात. त्यांना दैवी संकेत समजू नये. रोजच दचकून जाग येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

– एक वाचक, कोल्हापूर