आधी दर, मग हिशोब

खानापूर, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू एवढा वैतागलेलास आणि इकडं पाऊस असा झोडपूलता की निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही, म्हणून लिहूनच काढतो.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला तुझा दुधाच्या हिशोबाचा प्रोग्राम मी वहीत उतरून घेतला नि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. पहिल्या ओळीत लिटर १२, दुसरीत दर ३८, तिसरीत रक्कम म्हणजे लिटर गुणिले दर. मग डेअरीचा नवा दर आठवला म्हणून चौथ्या ओळीत तू दर ४१ केलास आणि शेवटी प्रिंट, म्हणजे रक्कम दाखव. तुला पाहिजे होते ४९२, आले ४५६. पायथन चुकतंय म्हणालास, पण नाही रे, ते तिसऱ्या ओळीवर आलं तेव्हा दर ३८च होता की! तेवढ्यावर गुणलं, ४५६ रकमेत ठेवले आणि पुढं गेलं. नंतर दर बदललास म्हणून ते मागं येऊन रक्कम परत काढत नाही.

मला वाटतंय तुझा घोटाळा एक्सेलमुळं झालाय. दुकानाचा हिशोब इतकी वर्षं तू त्यातच करतोस, तिथं एका खान्यातला आकडा बदलला की त्यावरच्या फॉर्म्युल्यांची उत्तरं आपोआप बदलतात. इथं = या चिन्हाचा अर्थ वेगळाय, उजवीकडचं आत्ताच्या आत्ता काढ आणि डावीकडच्या नावात ठेव, एवढंच. म्हणून तर एकूण = एकूण + लिटर असं लिहिता येतं, शाळेच्या गणितात हे चाललंच नसतं.

दुसरी चूक पण तसलीच. तीन दिवसांचं दूध ६, ७, ५, बेरीज १८ यायची तर ५च आले, कारण एकूण = ० ही ओळ तू लूपच्या, म्हणजे परत परत चालणाऱ्या ओळींच्या, आत घातलीस. दर फेरीला मागचं पुसलं जातंय. ती लूपच्या वर घे.

आणि हे मनापासून सांगतो, अडलास की पेन्सिल घे, प्रत्येक नावाला एक रकाना आखून ओळीगणिक आकडा खोडत लिहीत जा. मला स्वतःला प्रोग्राम असाच कळायला लागला.

दर ४१ ची ओळ रकमेच्या वर नेऊन चालव आणि काय येतंय ते कळव. आई विचारूलिया गणपतीला येणार काय म्हणून. ये, आणि लॅपटॉप घेऊनच ये. काकूंना नमस्कार.

तुझाच,
दोस्त