पत्र घरच्यानंच फोडलं तर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी 34 वर्षं पोस्टमन होतो. वाई-जावळीच्या खेड्यांत मुंबईच्या माथाड्यांच्या मनीऑर्डरी वाटल्या, त्यांच्या बायकांना पत्रं वाचून दाखवली, सांगतील तशी उत्तरं लिहून दिली. कुणाचा नवरा किती कर्जात आहे हे मला तिच्या सासूआधी कळायचं. पण निळं आंतरदेशीय ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं आणि त्यानं सांगितलं तरच फोडायचं. खात्यातल्या माणसानं टपाल फोडलं तर 1898च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद होती. हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात माझंच टपाल फोडलं गेलं, तेही घरात.

जेवताना मुलगा सहज म्हणाला, "बाबा, आत्याला पन्नास हजार कबूल कशाला केलेत?" बहिणीशी हे बोलणं फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर झालं होतं. घास हातातच राहिला. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला फोन दाखवला. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपमधले वरचे तीन ठिपके दाबून 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं, म्हणजे माझं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठं कुठं जोडलंय त्याची यादी. तिथं 'गूगल क्रोम (विंडोज)' आणि खाली शेवटच्या वापराची वेळ, त्याच दिवशीची पहाटे 1.40. घरात लॅपटॉप एकच आहे आणि तो माझा नाही.

"तुम्हाला कुणी फसवू नये म्हणून लक्ष ठेवतो," मुलानं सरळ सांगितलं. त्याच्या हेतूवर मला शंका नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. नवं यंत्र जोडलं की फोनवर सूचना येते म्हणतात. मग मला का नाही दिसली? आली होती. पण तेव्हा फोन त्याच्याच हातात होता, अपडेट करायला म्हणून घेतलेला. त्यानं बोटानं ती बाजूला सारली. फोनचं कुलूप म्हणजे इंग्रजी एल काढायचा, तोही त्यानंच लावून दिलेला. जीमेलचं तेच. कुणी नव्या ठिकाणाहून आत शिरलं तर जो दुसरा पत्ता सावध करायचा, तो पत्ता मुलाचाच! चोरीची वर्दी चोराच्याच घरी जाते म्हणा ना. (मुलाला चोर म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.)

या सूचना परक्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. शेजारच्या खोलीतल्या माणसापुढे त्यांचं काही चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला फोनखेरीज आणखी चार यंत्रं जोडता येतात, आणि माझा फोन बंद असला तरी तिकडे संदेश पोचत राहतात. फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर ती जोडणी आपोआप सुटते. पण नातवंडांचे फोटो न बघता चौदा दिवस कोण राहतं?

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 43 आहे, आणि लबाडीनं केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण लेकाविरुद्ध फिर्याद द्यायला कुठला बाप चौकीची पायरी चढेल? आणि चढू नये असंच मलाही वाटतं.

म्हणून मागणी साधी आहे. ज्येष्ठ नागरिक संघात सायबर सुरक्षेची व्याख्यानं होतात, तिथं ओटीपी सांगू नका आणि फसलात तर 1930 ही सायबर हेल्पलाइन लावा, एवढंच शिकवतात. ते तीन ठिपकेही शिकवा. कंपन्यांनी दर महिन्याला मराठीत विचारावं, 'अमुक संगणक अजून जोडलेला आहे, ठेवायचा का?' आणि तो प्रश्न उत्तर दिल्याशिवाय पुसला जाऊ नये. सुनेचा, मुलीचा फोन 'काळजीपोटी' चाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्या सुना-मुलींच्या वाट्याला तर जेवताना नुसता प्रश्न येऊन भागत नाही.

मी यादीतल्या 'गूगल क्रोम' या नावावर बोट ठेवून 'लॉग आउट' केलं. दोन मिनिटांत आतल्या खोलीतून आवाज आला, "बाबा, तुम्ही काही दाबलंत का?"

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, वाई
(नाव छापू नये, ही विनंती. मुलगाही आपलंच वर्तमानपत्र वाचतो.)