गच्चीवरच्या अँटेनासाठी, पाचव्या मजल्यावरच्या काकांना

ती. काका,
सा. न.

समोर येऊन आभार मानले तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा टाकायला उठाल, म्हणून हे जाहीरच लिहितेय. आपल्या परळमधल्या बाकीच्यांनाही कळू दे.

घरातल्या यंत्रांना उपग्रहांवरून अचूक वेळ मिळावी म्हणून मुठीत मावेल एवढी जीपीएस अँटेना गच्चीवर लावायची परवानगी मागितली, तर कमिटीने अर्ज दाबून ठेवला. कुणी म्हणे रेडिएशन होईल, कुणी म्हणे उद्या टॉवर उभा राहील. ती काही सोडत नाही, सुमारे २०,२०० किलोमीटरवरच्या उपग्रहांचं फक्त ऐकते, हे समजून घ्यायला कुणाला पाच मिनिटं नव्हती. पैसे देऊन बोलावलेल्या माणसाने ती खिडकीच्या ग्रिलला अडकवली, रिसीव्हरचा दिवा लुकलुकताना दाखवला आणि गेला. समोरच्या इमारतीने निम्मं आकाश खाल्लेलं, उरलेले सिग्नल काचांवर आपटून येणारे. त्या वेळेवर काय भरवसा ठेवायचा? अजून आठवलं की चीड येते.

वर सगळ्यांचा एकच प्रश्न: मोबाइलवर वेळ दिसते ना, मग हे कशाला? ज्या मुंबईने भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, तिथे हा प्रश्न!

तुम्ही तो विचारला नाहीत. जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून आयुष्य काढलेला माणूस तो विचारणारच नाही. तुम्ही मला भिंतीवरचं रेडिओ रूमचं घड्याळ दाखवलंत. त्यावरचे ते लाल पट्टे, दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांचे. त्या काळी तेवढा वेळ ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प राहायचं, कुणी बुडताना हाक मारत असेल तर ऐकू यावी म्हणून. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जहाजाची जागा एक सागरी मैल चुकते, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग तुम्ही कमिटीशी बोललात आणि परवानगी आली.

पण खरं मनात राहिलंय ते वेगळंच. केबल डक्टमधून खाली सोडण्याआधी तुम्ही गच्चीत उकिडवे बसलात, मेजर टेपने ती अख्खी मोजलीत आणि टोकाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून बॉलपेनने लिहिलंत: १८ मी., ९० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). अशा केबलमधून यायला सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, वेळ लावताना तेवढ्या उशिराची वजावट करायची. ही वेळ घेणाऱ्या माझ्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाची स्वतःची धरसोड याहून कितीतरी मोठी, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी म्हणालात, "मोजता येतंय ना, मग मोजून ठेवावं."

काका, मला तिथेच भरून आलं. कुणी तपासणार नाही, कुणाला फरक कळणार नाही, तरीही काम नीट करणारी माणसं या शहरात जागोजागी आहेत. त्यांच्याच जिवावर आपलं सगळं चाललंय. कमिटीच्या बोर्डावर त्यांची नावं नसतात.

आता रिसीव्हरकडून दर सेकंदाचा पल्स चोख येतो, घरातली सगळी यंत्रं त्यावर वेळ लावतात आणि क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसणारा फरक मायक्रोसेकंदांत राहतो. पुढे नाविकचे, म्हणजे आपल्या भारतीय उपग्रहांचे, एल-५ सिग्नल घेणारा रिसीव्हर आणायचाय. त्याची अँटेना कुठे बसवायची ते तुम्हीच ठरवायचं, आणि केबलही तुम्हीच मोजायची.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची