एक रजई वरून काढ, खाली घाल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वसंताच्या सुरुवातीलाच मुलांना घेऊन दोन रात्री तंबूत राहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तू विचारलंस की रात्रीसाठी आणखी किती रजया घ्यायच्या. माझं उत्तर असं की आणखी एकही नको. आहेत त्यातलीच एक वरून काढ आणि अंगाखाली घाल. का ते सविस्तर लिहितो, कारण एवढं मनात पक्कं बसलं की बाकीची निम्मी तयारी आपोआप सुचते.

या दिवसांत हवा पटकन तापते, पण जमीन मागे रेंगाळते. हिवाळाभर थंड झालेली माती चार दिवसांच्या उन्हाने उबदार होत नाही. दुपारी १८ अंश आणि पहाटे २ अंश असा फरक सहज पडतो, आभाळ निरभ्र असेल तर जास्तच. आता त्या मातीवर तू आडवा झालास की काय होतं बघ. स्लीपिंग बॅगेत ऊब धरते ती भरणात अडकलेली हवा. अंगाच्या वजनाने खालचं भरण चेपलं की ती हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतात नुसते कापडाचे दोन पदर. बॅग कितीही महागाची असो, खालच्या बाजूने ती जवळजवळ नसल्यातच जमा. तिथे काम करते ती मॅट.

मॅट घेताना आर-व्हॅल्यू बघ. आकडा जितका मोठा, तितकी जमिनीकडे जाणारी ऊब कमी. २०१८ साली एएसटीएम एफ३३४० हे मोजणीचं मानक आलं, तेव्हापासून वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. गोठणबिंदूच्या आसपासची रात्र असेल तर ४च्या खाली जाऊ नकोस. साध्या घट्ट फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू साधारण २ असते, पण एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आकड्यांची सरळ बेरीज होते. म्हणजे दोन साध्या मॅट एकावर एक टाकल्यास की काम झालं.

सहकुटुंब जाणाऱ्यांचा घात बहुतेक वेळा हवा भरायची जाड गादी करते. दिसायला गुबगुबीत, पण आत नुसती मोकळी हवा. कूस बदलली की ती हवा आतल्या आत फिरते आणि अंगाची ऊब काढून जमिनीला देते. अशा गादीची आर-व्हॅल्यू जेमतेम १. शिवाय संध्याकाळी टणक भरलेली गादी मध्यरात्री सैल पडते, कारण गार झालेल्या हवेचा दाब उतरतो. ती गळत नसते, म्हणून लगेच पंक्चर शोधत बसू नका. झोपायच्या आधी पुन्हा थोडी हवा भरायची. तीच गादी न्यायची असेल तर फोमची मॅट किंवा रजई गादीच्या वर टाक, खाली नव्हे. ऊब गादीत शिरण्याआधीच अडवायची आहे. चार मॅट शेजारी शेजारी टाकल्या की मुलं रात्रीत फटीत सरकतात, तेव्हा दोन ठिकाणी पट्टा आवळून त्या एकमेकींना बांधून टाक.

चकचकीत चंदेरी चादर जमिनीवर पसरायची पद्धत आहे, तिच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. ती उष्णता परावर्तित करते खरी, पण त्यासाठी समोर हवेची पोकळी लागते. मॅट आणि जमीन यांच्यात दाबली गेली की ती फक्त ओल अडवते. तीच पांघरुणावर घातली तर घाम आत कोंडतो आणि सकाळी बॅग ओली मिळते.

स्लीपिंग बॅगेवर सहसा दोन-तीन तापमानं छापलेली असतात. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे पहिला आकडा ‘कम्फर्ट’, दुसरा ‘लिमिट’, तिसरा ‘एक्स्ट्रीम’. खरेदी करताना फक्त पहिला बघायचा. ‘लिमिट’ म्हणजे अंग आखडून झोपलेला पुरुष कशीबशी रात्र काढेल तो आकडा. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्याची हद्द. तिथे झोपेचा प्रश्नच येत नाही. पिशवीवर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा दुसरा असतो, आणि लोक तिथेच फसतात. पहाटे २ अंश धरलेस तर कम्फर्ट उणे ३च्या आसपासची बॅग घे. पाचेक अंशांची सूट हाताशी असावी. हे आकडे चांगली मॅट आणि अंगात थर्मल आहेत असं धरूनच काढलेले असतात, आणि मोठ्या माणसांसाठी असतात. लहान मुलांना ते लागू होत नाहीत.

मुलांचं गणित वेगळं आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून ती लवकर गार पडतात. त्यात त्यांना मोठ्यांची बॅग दिली तर पायाकडची रिकामी जागा त्यांच्या इवल्याशा अंगाला तापवावी लागते. धाकटीला तुझी जुनी बॅग देणार असशील तर असं कर: तिला आत झोपव, तळव्यांच्या खाली एक वीत जागा सोड आणि तिथे बॅगेला बाहेरून दोरीचा एक वेढा देऊन गाठ मार. उरलेला भाग पायांखाली दुमडून ठेव. मुलांना कडेला झोपवू नका. दोन्ही मुलं मध्ये, तू आणि वहिनी दोन बाजूंना. बॅगेचं टोक तंबूच्या कापडाला टेकलं तर ते भिजतं, तेव्हा पायांकडे हातभर अंतर असू दे.

तुझी बहीण तान्ह्या बाळाला घेऊन येणार म्हणतोस. तिला सांग, दिवसभर खुशाल या, पण रात्र गोठणबिंदूजवळ जाणार असेल तर बाळाला घरीच झोपवा. तान्ह्याला स्लीपिंग बॅग, सैल पांघरूण आणि गरम बाटली या तिन्हींचा धोका असतो, आणि त्या तिन्ही गोष्टी काढल्या तर एवढ्या थंडीत त्याला उबदार ठेवायला फारसं काही उरत नाही.

आता ओलावा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. दिवसभर खेळून घामेजलेला सुती गंजीफ्रॉक तसाच ठेवून मूल बॅगेत शिरलं, तर बॅगेतली सगळी ऊब तो वाळवण्यात खर्ची पडते. झोपायचे कपडे वेगळे ठेव, एका पिशवीत बांधून, आणि ते रात्रीशिवाय कुणी घालायचे नाहीत. अंगालगत लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर्मल, कोरडे सैल पायमोजे, डोक्याला कानटोपी. मोज्यांवर मोजे चढवून पाय आवळू नका. रक्तच नीट पोचलं नाही तर पाय गरम होणार कसे? डोक्यातून निम्मी उष्णता जाते असं म्हणतात ते खरं नाही, पण बॅगेबाहेर उरतं ते फक्त डोकंच, म्हणून कानटोपी हवीच. मुलं तोंड बॅगेत खुपसून झोपतात. श्वासाची वाफ आत साचून भरण दमट होतं. नाकावर पातळ मफलर सैलसर घ्यायला शिकव. आणि कमी कपड्यांत बॅग जास्त ऊब देते ही नुसती समजूत आहे. कोरडा थर वाढवला की ऊब वाढते, फक्त भरण आतून चेपेल इतका जाड कोट आत घालू नका. तो वरून पांघरा.

तंबूची हवेची जाळी बंद करायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवर. चौघांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात लीटरभर तरी पाणी बाहेर पडतं. वाट मिळाली नाही तर ते छताला लागून थेंबांनी खाली येतं, थेट बॅगांवर. वरची जाळी उघडी, वाऱ्याकडची खालची कड बंद.

जागेबद्दल थोडक्यात: खोलगट भाग टाळ, कारण रात्री थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन तिथे साचते. पाण्याच्या काठापासूनही जरा लांब, थोडं उंचावर, वाऱ्याला आडोसा असलेली आणि सकाळी पूर्वेचं ऊन पडेल अशी जागा निवड. झाडाखाली दव कमी पडतं, पण वर वाळकी फांदी नाही ना, हे आधी मान वर करून बघ. मोठ्या तंबूत आतली झोपायची खोली लावून घे. जागा जितकी कमी तितकी चौघांच्या अंगाची ऊब टिकते.

झोपायच्या आधीच्या तासाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही, दिलेली राखते. गारठलेल्या मुलाला आत घातलं तर ते बराच वेळ गारठलेलंच राहतं. म्हणून अंधार पडायच्या आतच बॅगा पिशवीतून काढून झटकून पसरा, म्हणजे भरण फुगेल. पोटभर गरम जेवण, त्यात तूप-तेल-दाणे असं सावकाश पचणारं काही. मग दहा मिनिटं जोरात चाला किंवा बैठका मारा, अंग गरम होईल इतपत, घाम येईल इतकं नाही. लघवीला जाऊन यायचं आणि तस्संच आत शिरायचं. मोठ्यांनी दारू घेऊ नये. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून उबदार वाटतं, पण उष्णता बाहेरच जाते.

गरम पाण्याची बाटली जरूर घे. रबरी पिशवी किंवा जाड प्लॅस्टिकची रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची बाटली. शीतपेयाची पातळ बाटली गरम पाण्याने आक्रसते, ती नको. थर्मासचाही उपयोग नाही, तो ऊब बाहेर सोडतच नाही. पाणी उकळलं की पाच-सात मिनिटं थांब, मग भर, झाकण घट्ट लाव, उलटी धरून जोरात हलव आणि झाकणाभोवती कोरडा कागद फिरव. कागद जरासुद्धा भिजला तर ती बाटली आत जाऊ द्यायची नाही. बॅग भिजली की सगळं मुसळ केरात. मग तिला जाड लोकरी मोजा चढव आणि झोपायच्या अर्धा तास आधी बॅगेत मधोमध ठेव. मोठ्यांनी नंतर ती मांड्यांच्या मध्ये घ्यावी, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. मुलांची मात्र ती आत शिरताना काढून घे, कारण झोपेत कातडीला लागून राहिलं तर कमी गरम वस्तूनेही भाजतं. लीटरभर पाणी ६० अंशांवरून ३० अंशांवर येईपर्यंत साधारण ३० किलोकॅलरी देतं. आकडा छोटा, पण गार पायांना नेमक्या वेळी मिळतो.

आता जे लिहितो ते वहिनींनाही वाचून दाखव. तंबूत शेगडी, गॅसचा हीटर, कोळसा, निखारे, काहीही न्यायचं नाही. तंबूच्या पडवीतही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पेंग येणं ही त्याची लक्षणं. दमलेल्या मुलांत ती ओळखूच येत नाहीत. बॅटरीवर चालणारा डिटेक्टर मिळतो, तो जरूर ने, पण तो आहे म्हणून शेगडी आत घेऊ नकोस. तळावर वीज मिळत असेल तर झोपायच्या आधी थोडा वेळ विजेचा हीटर लावता येईल, कापडापासून लांब, कुणीतरी जागं असताना. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण उलगड. गुंडाळलेली वायर भार पडला की तापते आणि वितळते.

बाहेर पेटवायच्या गॅसबद्दलही एक ध्यानात ठेव. ब्युटेन उणे ०.५ अंशाखाली वायूरूप होत नाही, आणि वापरात असलेला डबा स्वतःच आणखी गार पडत जातो. म्हणून संध्याकाळी नीट पेटलेली शेगडी पहाटे फुरफुरते आणि चहाचं पाणी तापता तापत नाही. प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घे, आणि डबा आचेवर कधीही गरम करू नका.

रात्री एकदा उठून मुलांच्या मानेमागे आणि छातीला हात लाव. तळहात गार असले तरी चालतं, छाती गार असेल तर नाही. थरथरणं म्हणजे शरीर झगडतंय: कोरडे कपडे, आणखी एक थर, शुद्धीत असेल तर गोड कोमट पेय, आणि आपल्या बॅगेत जवळ घेणं. हातपाय चोळायचे नाहीत. पण मूल अडखळत बोलतंय, पेंगतंय किंवा गार असूनही थरथरणं थांबलंय असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला गरम ठेवा.

सकाळचे कपडे रात्रीच बॅगेच्या तळाशी घालून ठेवा, म्हणजे ते गार लागत नाहीत आणि पायाकडची रिकामी जागाही भरते. फोन आणि टॉर्चच्या बॅटऱ्याही आतच. चहाचं पाणी रात्रीच भांड्यात भरून ठेव, कॅनचं तोंड गोठलं तरी अडणार नाही. ऊन आलं की पहिलं काम, बॅगा उलट्या करून वाळत टाकायच्या. दुसऱ्या रात्रीची थंडी बहुधा पहिल्या रात्रीच्या ओलीतूनच येते.

मॅट घ्यायला जाशील तेव्हा आर-व्हॅल्यूचा आकडा मला कळव, चौघांची बेरीज मिळून करू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र