विषय: जुन्या गाडीच्या आतल्या कामातील फसवणुकीबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझी गाडी 2002 सालची होंडा सिटी. 2017 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये नागपूरच्या आरटीओत रीतसर फेरनोंदणी केली आहे. इंजिन एका चावीत सुरू होतं. आतून मात्र गाडी थकली होती: छताचं कापड सुटून मागच्या सीटवर लोंबत होतं, कोपर टेकून टेकून ड्रायव्हरच्या बाजूच्या डोअर पॅडचा रंग उडाला होता, डॅशबोर्ड पांढुरका पडला होता. मागच्या सीटवर माझी आई बसते. तिला दमा आहे, आणि छतातून पडणारा चुरा तिच्या केसांत, पदरावर दिसायचा. म्हणूनच हे काम काढलं.

फेब्रुवारीत तुमच्या माणसाने घरी येऊन गाडी पाहिली. "जुनं सगळं उतरवून, घासून, मगच नवीन लावतो" हे त्याचे शब्द. मी 18,500 रुपये आगाऊ भरले.

मे महिन्यात छत पुन्हा खाली आलं. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला नवीन नाही, तुमचं वर्कशॉप इथेच आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड सहज 70 अंशांच्या वर तापतो. तो ताप न सोसणारं, कापड चिकटवायचं साधं सोल्यूशन छताला वापरायचंच नसतं. तरीही आधी मला वाटलं, असेल एखादी चूक. मग ओळखीच्या कुशनवाल्याकडे गाडी नेली. त्यांनी मागच्या हँडलचे स्क्रू काढून कापडाचा कोपरा अलगद सोडवला आणि मला म्हणाले, "बोट फिरवून बघा." बोटाला तांबूस, चिकट भुकटी लागली. जुना फोम! तुम्ही नवीन कापड थेट त्या सडक्या फोमवर चिकटवलं होतं.

कापडामागचा पातळ फोम वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने कुजून भुकटी होतो, म्हणून तर कापड सुटतं. छताचा पुठ्ठा गाडीबाहेर काढून ब्रशने पूर्ण साफ केल्याशिवाय काहीही लावलं तरी ते भुकटीला चिकटणार, पुठ्ठ्याला नाही. तुमच्या कारागिरांना हे माहीत नसेल असं मी मानत नाही, कारण तुमच्या बिलात "जुने लायनिंग काढणे व साफसफाई" या नावाने 2,200 रुपये वेगळे लावले आहेत. न केलेल्या कामाचे पैसे घेतलेत. माझी मुख्य तक्रार हीच आहे. काम कमी-जास्त होणं मी समजू शकते, हे नाही.

डोअर पॅडवर तुम्ही रंग मारला, पण आधीचा पॉलिशचा तेलकटपणा काढला नाही, प्रायमरही दिला नाही. आता रंगाचे पापुद्रे माझ्या बाहीला चिकटून येतात. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश लावून दिलंत. दुपारी वर्धा रोडवर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि पुढचा रस्ता धूसर दिसतो, हे धोक्याचं आहे. तुटलेल्या क्लिपांच्या जागी डबल टेप लावलेली पिलरची, म्हणजे काचांमधल्या खांबावरची पट्टी खड्ड्यात कटकट वाजते, तीही तुमच्याच हातची.

शिवाय मूळ सन व्हायजर न विचारता बदलले. ते नुसते मळले होते, मोडले नव्हते. या मॉडेलचे असे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत. जुन्या गाडीचा मूळ भाग मालकाला न विचारता टाकून द्यायचा नसतो, हे या धंद्यात कुणी सांगायला नको.

पुन्हा तुमच्याकडून काम करून घ्यायची माझी इच्छा नाही. छत आणि डोअर पॅडचे मिळून 12,700 रुपये परत करा, मूळ व्हायजर परत द्या, आणि ते भंगारात गेले असतील तर तसं लेखी कळवा. कुशनवाल्याने कोपरा उघडला तेव्हाचे फोटो, बिलाची प्रत आणि तुमच्या माणसाशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं सोबत जोडलं आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. छताचं कापड मी अजून तसंच ठेवलं आहे. तुमचा माणूस पाहायला येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करून यावं.

आपली,
एक ग्राहक, नागपूर