बाई, तुम्ही दादांच्या वहीतली बेरीज तपासलीत त्याबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

तुमचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून हे पत्र तुमची नात मोठ्याने वाचून दाखवील. तिला सांगा, सावकाश वाच. उघडपणे लिहितेय ते एवढ्यासाठी की तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे आपल्या मंडळीतल्या चार माणसांनाच ठाऊक आहे, आणि आमच्यासारखी, हक्काचे पैसे बुडालेली घरं लालबाग-परळमध्ये चाळीचाळीत आहेत.

डिसेंबर 2019. दादांना शिवडीला माती देऊन चार दिवस झाले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "देवाच्या काठीला आवाज नसतो." नाहीतर, "सोडून द्या आता, क्षमा करा." मला दोन्ही ऐकवत नव्हतं. तुम्ही विरारहून लोकलने आलात, डबा ओट्यावर ठेवलात आणि पाणीही न पिता विचारलंत, "तुझ्या वडिलांची ती वही कुठंय?"

निळ्या कव्हराची शंभर पानी वही. आत पगाराच्या चिठ्ठ्या घड्या घालून ठेवलेल्या. दादा 1966 साली गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात लागले. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात तेही होते. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माणसं थकली, पांगली, कुणी गावी गेली. दादा परत कामावर गेले तेव्हा त्यांना नवा माणूस म्हणून भरती केलं. पुढे 1998मध्ये गिरणी बंद पडली आणि हिशेबाच्या कागदावर संपाआधीची 16 वर्षं नव्हतीच. ग्रॅच्युइटीचा कायदा 1972चा, वर्षामागे 15 दिवसांचा पगार. एवढं साधं गणित, पण त्यासाठी ते 21 वर्षं तारखांना जात राहिले आणि रक्कम हातात न पडताच गेले. गिरणीचं नाव लिहीत नाही. तिच्या जागेवर आता टॉवर उभा आहे आणि त्याखालून जाताना मी रोज मनातल्या मनात शाप द्यायचे.

तुम्ही भिंतीला टेकून जमिनीवर बसलात, पर्समधून पेन्सिल काढलीत आणि वहीचं पान न पान तपासलंत. तासभर तरी कुणी बोललं नाही. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणालात, "अगं, सोळा पंधरे दोनशे चाळीस. यांनी दोनशे तीस लिहिलेत. स्वतःचेच दहा दिवस कमी धरलेत." तुम्ही 230 खोडून शेजारी 240 लिहिलंत. "मागायचं तर खरं मागायचं, कोर्टापुढे आणि देवापुढेही." त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, बाई. दादांना बुडवणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्या बाजूने एक बेरीजसुद्धा धड केली नव्हती.

मग तुम्ही शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढलात. शेत कापणाऱ्यांची जी मजुरी मालकांनी अडकवून ठेवली, ती मजुरीच ओरडतेय, असं तिथे आहे. माणसं गप्प झाली, गेली, तरी पैसा ओरडत राहतो आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. सख्ख्या भावाने मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडलं तसंच हे. मी इतकी वर्षं चर्चला जाते (आपण देऊळच म्हणतो), पण हे वचन कुणी आमच्या घराकडे बघून वाचलं नव्हतं.

न्यायाच्या दिवसाची मला लहानपणापासून धास्ती होती. नऊ वर्षांची असताना भक्तिसभेला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी अग्नीच्या सरोवराचं असं वर्णन केलं की पुढे कितीतरी रात्री मी दिवा मालवू दिला नाही. त्याच वर्षी संडे स्कूलमध्ये तुम्ही आमच्याकडून 98वं स्तोत्र पाठ करून घेत होता. नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर आनंदाने गातात, कारण परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतोय. न्यायाधीश येणार म्हणून टाळ्या कोण वाजवतं, हा माझा तेव्हाचा प्रश्न. तो मी तुम्हाला त्या दिवशी, चाळीस वर्षांनी विचारला. तुम्ही म्हणालात, "आरोपीला कोर्टाची भीती वाटते. फिर्यादी तारखेची वाट बघत असतो. स्तोत्र लिहिणारा फिर्यादीच्या बाकावर बसलाय. तुझे वडील पण तिथेच बसले होते."

आणि मतांगीकाराबद्दल, म्हणजे उपासनेत आपण आपला विश्वास बोलून दाखवतो त्याबद्दल, तुम्ही जे सांगितलंत, ते तर मी दर रविवारी म्हणूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यात येशूशिवाय दोनच माणसांची नावं आहेत, एक मरिया आणि दुसरा पंतय पिलात. मोशे नाही, पौल नाही, पण निर्दोष माणसाला दोषी ठरवून हात धुणारा सुभेदार आहे. आणि थोडंच पुढे, ज्याच्यावर त्याने तो निकाल दिला तोच जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येणार आहे. खोटा निकाल अंगावर घेणं म्हणजे काय, हे ज्याला स्वतःला ठाऊक आहे असा न्यायाधीश. माझ्यासाठी साऱ्या ख्रिस्ती विश्वासातला हा सगळ्यात मोठा दिलासा आहे. तिथे 16 वर्षं झालीच नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही. बायबलच्या शेवटी, प्रकटीकरणात, न्यायाच्या वेळी माणसांच्या कृत्यांची पुस्तकं उघडली जातात असं म्हटलंय. ते वाचताना आता मला नेहमी निळं कव्हर दिसतं.

आमच्या इमारतीतल्या कॅथलिक काकू सांगतात, त्यांच्यात मरणानंतर लगेच होणारा एकेकाचा न्याय आणि शेवटच्या दिवशी सर्वांसमोर होणारा न्याय, असे दोन मानतात. ते "सर्वांसमोर" मला फार आवडलं. दादांचं म्हणणं कुणी सर्वांसमोर कधी ऐकून घेतलंच नव्हतं.

वर न्याय मिळणार म्हणून इथे हात बांधून बसा, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. लूकच्या 18व्या अध्यायातली विधवा त्या नाठाळ न्यायाधीशाकडे खेटे घालतच राहते, हे सांगून तुम्ही वारसाचा अर्ज माझ्यासमोर ठेवलात आणि कुठे सही करायची ते दाखवलंत. तो अर्ज अजून चालू आहे. सूड मात्र तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलात. फेड करणं माझ्याकडे आहे असं प्रभू म्हणतो, ते तुझं काम नाही, एवढंच म्हणालात. टॉवरखालून जाताना शाप देणं कधी थांबलं ते मला आठवतही नाही.

आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहितेय ते.

जून 2020. देवळं बंद, उपासना फोनवर. रविवारी उपासना झाली की तुम्ही मला फोन करायचात. त्या दिवशी मी पुन्हा याकोबाचा पाचवा अध्याय काढला, गिरणीमालकांवर बोलत सुटले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि हळूच विचारलंत, "तुझ्याकडे कुणाची मजुरी अडकलीय का गं?"

माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचे एप्रिल आणि मे असे दोन महिन्यांचे पाच हजार रुपये मी दिले नव्हते. टाळेबंदीत त्या आल्याच नाहीत, मग पगार कसला, असं मी घरात म्हटलं होतं आणि कुणी हरकतही घेतली नव्हती. माझा पगार मात्र घरी बसून दर महिन्याला जमा होत होता. त्या येऊ शकत नव्हत्या, आणि हे मला ठाऊक होतं.

तुम्ही रागावला नाहीत. शास्त्रातलं लेवीय पुस्तक वाचलंत, मजुराची मजुरी सकाळपर्यंतही आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद नावाचं पुस्तक वाचलंत, ती सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. मग मत्तयाचा 25वा अध्याय, जिथे न्यायाच्या वेळी राजा म्हणतो की गरजूंशी वागलात तसे माझ्याशीच वागलात, आणि उजवीकडचे नीतिमान आणि डावीकडचे दोषी दोघंही त्याला एकच विचारतात, प्रभू, आम्ही तुला उपाशी कधी पाहिलं? तुम्ही म्हणालात, "दोघांनाही पत्ता नव्हता बघ. फिर्यादीच्या बाकावर बसलेल्याच्या नावाने दुसरीकडे फिर्याद असू शकते." फोन ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं, तुम्ही मला फार लागेल असं बोललात. संध्याकाळपर्यंत कळलं की माझ्यावर एवढी माया असल्याशिवाय कुणी हे बोलणार नाही. त्या उपदेशकांनी मला नुसतं घाबरवलं होतं. तुम्ही घाबरवलं नाहीत, काय करायचं ते दाखवलंत.

सूर्य मावळायच्या आत काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलुंडहून भांडुपला चालत गेले. ताई दारातच उभ्या होत्या, तोंडाला ओढणी बांधलेली. पाकीट दिलं. त्यांनी पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही विसरलात." मी विसरले नव्हते, हे मी त्यांना तिथेच सांगितलं आणि माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

दादांच्या वहीचं शेवटचं पान कोरं होतं. त्यावर मी लिहिलंय: एप्रिल-मे 2020, रुपये 5000, उशिराने दिले. पण लूकमधल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं, तेव्हा ही नोंद पुरी झाली असं मला अजून वाटत नाही. येत्या रविवारी उपासना झाल्यावर वही घेऊन विरारला येतेय. नातीला शेजारी बसवून ते पान एकदा तपासून बघा.

तुमची,
संडे स्कूलमधली, तिसऱ्या बाकावरची